अक्कलदाढेची तिसरी नळी

दाढेचा फोटो पडद्यावर उजळला तेव्हा महिपतरावांच्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच, की मोजणी चुकलेली आहे. दुखणं, धास्ती, भुलीच्या सुईचा विचार हे सगळं मागून रांगेनं आलं. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचे डोळे आधी हद्द शोधतात, मग हद्दीतला माणूस. पडद्यावर राखाडी धुकं होतं. त्या धुक्यात एक रुंद पांढरी दाढ उभी होती, तिची दोन मुळं खाली उतरली होती, आणि मुळांच्या टोकांवरून दोन बारीक पांढऱ्या रेघा एकमेकींमधलं अंतर राखून आडव्या निघून गेल्या होत्या. नकाशात अशा जोडरेघांना रस्ता म्हणतात. "हा नसेचा बोगदा," डॉक्टर शमिका त्यांच्यावरून पेनाचं टोक फिरवत म्हणाली, "खालचा ओठ आणि हनुवटी, ह्यांची सगळी जाणीव ह्यातनं जाते, काका." महिपतरावांनी मान डोलावली. म्हणजे सार्वजनिक रस्ता खासगी जागेतून गेला होता, तोही मालकाला सहासष्ट वर्षं पत्ता लागू न देता, आणि हरकत घेण्याची मुदत केव्हाच टळली होती.

तसं पाहिलं तर ही दाढ तोंडात असण्याचंच काही कारण नव्हतं. अक्कलदाढ म्हणून ती पंचविसाव्या वर्षी उगवली, तेव्हा घरच्यांनी समाधान व्यक्त केलं होतं आणि कचेरीतल्या वरिष्ठांनी पुराव्याअभावी ते फेटाळलं होतं. पुढे चाळिशीत तिच्या शेजारची थोरली दाढ किडून गेली, आणि उजव्या अंगाचा सगळा कारभार ह्या कोपऱ्यातल्या, कोणी न बोलावलेल्या दाढेकडे आला. तिनं तो पंचवीस वर्षं निमूटपणे केला. काजूगर, चकल्या, तळलेल्या बांगड्याचं कुरकुरीत शेपूट, काही म्हणून परत पाठवलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मात्र जेवताना सोलकढीच्या पहिल्या गार घोटाला तिनं अशी कळ काढली, की ती जबड्यातून निघून कानाच्या पाळीपर्यंत गेली आणि तिथं बसून राहिली. महिपतरावांनी वाटी खाली ठेवली. सगुणानं ते पाहिलं आणि कढीचं पातेलं चुलीवर गरम करायला चढवलं. कढी कोमट झाली आणि फुटली. दोघांनीही ती फुटलेली कढी, जणू ह्या घरात ती तशीच पितात, अशा चेहऱ्यानं पिऊन टाकली.

गेल्या मंगळवारी शमिकानं दाढ उघडली होती. तेव्हा तिनं त्यांना नीट समजावलं होतं, आणि समजावण्याची तिची तऱ्हा त्यांना आवडली होती, कारण ती हातवारे न करता कागदावर चित्र काढायची. "बाकीच्या दाढांचं काहीतरी ठरलेलं असतं, काका. खालची दाढ म्हटली की दोन मुळं. पुढच्या मुळात दोन नळ्या, मागच्यात एक. अक्कलदाढेला असला काही नियम नाही. कोणाची मुळं चिकटून एकच मूळ होतं, गाजरासारखं. कोणाला तीन असतात, क्वचित चारसुद्धा. कधी आतली नळी गोल राहतच नाही, विळ्याच्या पात्यासारखी पसरट वळते. आणि टोकाला गेल्यावर कुठं वाकेल ते दाढेलाही माहीत नसतं." त्या दिवशी तिला दोन नळ्या सापडल्या, दोन मुळांत दोन. त्या तिनं साफ केल्या, औषध भरलं, वरून तात्पुरतं झाकण लावलं. नियमानं दुखणं थांबायला हवं होतं. पण दुखणं थांबलं नाही. ते फक्त शिस्तीत आलं, आणि दर चार तासांनी हजेरी लावू लागलं.

"म्हणून आज शेवटचं बघते," शमिका आज म्हणत होती. "कुठंतरी आणखी एक नळी असणार. ती मिळाली तर साफ करून दाढ वाचवू. नाही मिळाली तर दाढ काढायची. आणि काढायची म्हटली तर..." पेनाचं टोक पुन्हा त्या रस्त्यावर येऊन थांबलं. मुळं त्याला टेकल्यासारखी दिसत होती. काढताना नसेला धक्का लागू शकतो. मग उजवा ओठ बधिर. शंभरात फार थोड्यांना होतं, झालं तरी बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, एखाद्याचं तेवढं राहून जातं. "जेवायला काही अडचण नाही हं," तिनं धीर दिला. "चहा जरा ओघळतो. शीळबिळ नाही घालता येत, एवढंच." आणि ती हसली. शीळ हे उदाहरण तिनं कोणाच्याही उपयोगाला न येणारी गोष्ट म्हणून दिलं होतं.

महिपतराव हसले नाहीत. ओठाच्या धोक्याचं तिनं गेल्या मंगळवारीही ओझरतं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून आठवडाभर ते शीळ ह्याच एका शब्दापाशी झोपत होते आणि ह्याच शब्दापाशी उठत होते. त्यांची शीळ दोन सुरांची होती, एक वर चढणारा आणि एक अलगद खाली उतरणारा, सकाळी तारेवर बसून दयाळ पक्षी घालतो तशी. कातळावर मोजणी चालायची तेव्हा दोनशे पावलांवर साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाला ती ऐकू जायची; एक सूर म्हणजे पुढं सरक, दोन म्हणजे थांब, खूण कर. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या महिन्यात, कशावरून तरी, बहुधा मिठावरून, त्यांनी सगुणाला वाटेल ते बोलून घेतलं आणि तिरीमिरीत कामावर गेले. संध्याकाळी फाटकापाशी आल्यावर पाय आत जाईना. चुकलं म्हणायचं होतं, आणि तो शब्द त्यांच्या घराण्यात पुरुषांना दिलेला नव्हता. ते फाटकाची कडी धरून उभे राहिले आणि न ठरवता तोंडातून ती शीळ निघाली. थांब, खूण कर. आत भांडं वाजलं. ते ओटीवर पोचेपर्यंत चहाचं आधण उकळायला लागलं होतं. तेव्हापासून छत्तीस वर्षं हाच रिवाज. भांडण झालं की शीळ, शिळेनंतर आधण, आधणानंतर विषय बंद. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोची एकदाही माफी मागितली नव्हती आणि शेकडो वेळा मागितली होती. आता ओठ गेला तर काय करायचं, ह्याचा विचार ते रात्रंदिवस करत होते. आणि लोकांना सांगायची सोय नव्हती. सहासष्टाव्या वर्षी माणूस शिळेसाठी कासावीस झालाय हे कोणत्या डॉक्टरच्या कागदावर लिहिणार?

आणि आज तर ती शीळ लागणारच होती. आज सकाळी सगुणानं मांदेली साफ करून झालेले हात पदराला पुसले, त्यांचा फोन घेतला, आणि मागच्या मंगळवारी डॉक्टरनं पाठवलेला दाढेचा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. खिडकीपाशी धरला. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. "अहो, इकडे बघा. ह्या मागच्या मुळाला कड दोनदा आलीय. ह्याच्यामागे अजून काहीतरी उभं आहे." महिपतराव पेपर वाचत होते. "सावली आहे ती." "सावली कोणाची तरी असते ना?" सगुणा म्हणाली. "माशाचा काटा काढताना नाही का, वरनं एकच दिसतो, बोट फिरवलं की मागे जोडीदार लागतो." ह्यावर त्यांनी पेपर खाली घेतला आणि ते बोलले. "तुला काय कळतंय त्यातलं? जन्मभर रेघा वाचल्यात मी. तिथं एकच रेघ आहे." सगुणा "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" दगडासारखं असायचं, कुठंही ठेवलं तरी जागचं हलत नसे. मग निघताना तिनं विचारलं, "मी येऊ का बरोबर?" आणि ते म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?" आणि फाटक लोटून साळवी स्टॉपच्या रिक्षात बसले. मारुती मंदिराच्या चौकापर्यंत रिक्षा आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की "तिथं एकच रेघ आहे" हे वाक्य आपण आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो. पहिल्यांदा ते कचेरीत, नकाशा पुढ्यात पसरून, धाकू गोताडला बोललो होतो.

सुई टोचली. ती टोचण्याआधी जेवढी मोठी वाटत होती तेवढी निघाली नाही. "दहा मिनिटं जातील ओठ जड व्हायला," म्हणून शमिका दुसऱ्या खोलीत गेली आणि तिची मदतनीस वैष्णवी ट्रेमध्ये बारीक बारीक सुया लांबीप्रमाणे लावत बसली. पंचविशीची, चुणचुणीत मुलगी. पेशंटाला भूल चढेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, हे काम तिला कोणी नेमून दिलं होतं की ती आवडीनं करत होती, कळायला मार्ग नव्हता. "पाणी हवं का, काका? चूळ भरा हवी तर. आमच्याकडे नळाला दोन दिवस पाणीच नाही, बाहेरनं आणतंव. माझ्या माहेरी बरं, मे महिन्यात पण विहीर भरलेली." महिपतरावांनी सभ्यपणानं विचारलं, माहेर कुठलं. "मालगुंडच्या वरच्या अंगाला वाडी आहे. गोताडांची." खुर्ची मागे कललेली होती म्हणून बरं. बसलेला माणूस दचकला तर दिसतं, आडवा पडलेला दचकला तर पंखा बघतोय असंच वाटतं.

गोताडांच्या वाडीत ते सत्त्याण्णव साली गेले होते, मोजणीला. बाप वारल्यावर काशीराम आणि धाकू ह्या दोन भावांत जमिनीची वाटणी व्हायची होती आणि सगळा घोळ होता तो पऱ्याचा. डोंगरातून उतरणारा तो ओहोळ एका खोल घळीतून यायचा, आणि घळीच्या काठावर एक जुना फणस उभा होता, त्याची मुळं दरड धरून खाली पाण्यापर्यंत गेलेली. पऱ्या काशीरामच्या हिश्श्यातून जातो एवढं उघड होतं. पण धाकूचं म्हणणं, की फणसाच्या मुळांमागं त्याचा एक फाटा फुटतो आणि कातळाखालून माझ्या विहिरीला येतो. तेव्हा नकाशात दोन दाखवा, म्हणजे उद्या थोरला भाऊ पाणी अडवायला गेला तर माझ्याकडे कागद असेल. हे तपासायला घळीत उतरणं भाग होतं. चाळीस फूट, घसरडं, मुळांना धरून. आणि खात्यात एक न लिहिलेला नियम होता: आधी मोजणी, मग जेवण. त्या दिवशी महिपतरावांनी तो उलटा केला. काशीरामच्या घरी कोंबडी-वडे केले होते. त्यात काही काळंबेरं नव्हतं, धाकूच्या घरी केले असते तर तिथं जेवले असते; वास मात्र काशीरामच्या घरातून आला. त्यांनी अकरा वडे खाल्ले. मग काठावर उभं राहून खाली पाहिलं, आणि पोटानं सांगितलं की खाली काही नाही. त्यांनी वरून रेघ ओढली. एकच.

त्यानंतर धाकू तीनदा कचेरीत आला. दर वेळी धुतलेला सदरा, हातात पिशवी, पिशवीत काहीतरी गुंडाळलेलं, जे तो टेबलावर ठेवायचा नाही आणि परत न्यायचा. तिसऱ्या खेपेला महिपतरावांनी नकाशा त्याच्यापुढं पसरला, पेन्सिलीनं दाखवलं आणि म्हणाले, तिथं एकच रेघ आहे. धाकूनं नकाशा खालून वर पाहिला. भांडला नाही. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही वरनं बघितलाव." एवढंच बोलून गेला. नंतर कानावर आलं की काशीरामनं पऱ्याला दगडाचा बांध घातला, भावाभावांचं बोलणं तुटलं. महिपतरावांनी मालगुंडच्या बाजूची कामं दुसऱ्याकडे ढकलायला सुरुवात केली. पुढे सगुणा दरवर्षी मालगुंडच्या समुद्रावर जाऊया म्हणायची, तर ते तिला जवळच्याच भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायचे. समुद्र तोच आहे म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं एका माणसाची विहीर त्यांच्या डोक्यात कोरडी पडलेली होती, आणि तळाशी अकरा वडे.

"विहीर कोणाची?" त्यांनी विचारलं. ओठ जड होत चालला होता. तो आपला नसून कोणीतरी ठेवायला दिलेला आहे असं वाटत होतं. "धाकूआजोबांची. माझे आजोबा काशीराम, त्यांचे ते धाकटे भाऊ," वैष्णवी म्हणाली. "मोठी गंमत आहे त्या विहिरीची. पूर्वी कोण एक मोजणीवाला आला होता. कोंबडी-वडे हाणलान आणि नकाशा चुकीचा काढून गेला. आमच्या आजोबांना वाटलं सगळं पाणी आपलं. बांध घातला त्यांनी. झालं! पण पाण्याला कुठं माहीत नकाशा? ते आधीच फुटून कातळाखालनं धाकूआजोबांकडे जात होतं. बांध घातला तो फाट्याच्या खाली. मे महिन्यात आमचा बांध कोरडा आणि त्यांची विहीर भरलेली." तिनं एक सुई उजेडात धरून पाहिली. "दोन वर्षं भावाभावांचं बोलणं नव्हतं. पण आमची आजी कळशी घेऊन जायची आणि धाकूआजोबांची बायको, हौसाआजी, भरून द्यायची. म्हणायची, नकाशा पुरुषांचा, पाणी माझं. मग कधीतरी कळशीच्या मागनं आजोबा गेले. दोन वर्षांपूर्वी वारले ते, तेव्हा शेवटचं पाणी धाकूआजोबांनीच घातलंनी तोंडात, त्याच विहिरीचं." "आणि धाकू?" "आहेत की! ऐंशी झाली. तोंडात एक दात नाही. डॉक्टर म्हणतात, सगळ्या जिल्ह्यात हाच एक माणूस सुखी."

महिपतराव पंख्याकडे पाहत राहिले. पंख्याला तीन पाती होती आणि फिरताना एकच दिसत होतं. विहीर भरलेली होती. सगळा वेळ भरलेली होती. ते भाट्याच्या वाळूत तोंड पाडून बसले होते तेव्हाही हौसा कळशा भरत होती. हायसं वाटलं, डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी आलं आणि ते भुलीच्या नावावर खपून गेलं. आणि त्या हायसं वाटण्याच्या कडेनं, खोटं कशाला बोला, थोडा अपमानही वाटला. माणसानं अठ्ठावीस वर्षं एक पाप जपावं, त्याची झाडलोट करावी, आणि शेवटी कळावं की ते पाप लागूच पडलं नव्हतं. लोकांनी त्याचा विनोद करून ठेवला होता आणि त्या विनोदात आपलं नाव नव्हतं, वडे होते. पण भावाभावांची दोन वर्षं गेली होती, ती खरी होती. आणि धुतलेला सदरा घालून तीनदा आलेला माणूस खरा होता. त्याला त्यांनी बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

शमिका आली. दिवा तोंडावर आला, झाकण निघालं, आणि मग बराच वेळ फक्त आवाज: पाण्याचा फवारा, लाळ ओढणाऱ्या नळीची सुरसुर, आणि अधूनमधून शमिकाचा एक हुंकार, जो वाढता नव्हता. दुखत काहीच नव्हतं. कोणीतरी शेजारच्या घरात सामान हलवतंय, इतपतच ती दाढ आता त्यांची होती. मध्येच तिनं नळ्यांत बारीक सुया ठेवून पुन्हा फोटो घेतला. "पुढच्या मुळात सुई बरोबर मधोमध आहे," ती वैष्णवीला दाखवत होती. "मागच्यात बघ, एका अंगाला सरकलीय. मूळ केवढं रुंद आणि सुई कडेला. म्हणजे दुसऱ्या अंगाला जागा आहे. पण दाढेच्या तळावर मला काही दिसत नाहीये. वयानं तोंडं बुजतात नळ्यांची." तिनं घड्याळ पाहिलं. हातमोज्याचं बोट हनुवटीखाली टेकवून ती थांबली, आणि त्या थांबण्यातून पुढं कुठलं वाक्य येणार हे महिपतरावांना कळलं. चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांना नकार देण्याआधी ते स्वतः तसेच थांबत आले होते. काढूया, काका.

फाटक डोळ्यांपुढं आलं. कडी हातात, आणि ओठांतून नुसता वारा. आत सगुणा, तिचं "बरं" अजून जागच्या जागी. आणि पाठोपाठ तिचं दुसरं वाक्य आलं, सावली कोणाची तरी असते ना. त्यांनी हात वर केला. "दुखतंय?" शमिका दचकली. त्यांनी मान हलवली आणि सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खिशात टोक केलेली पेन्सिल असायचीच. आजवर तिचा उपयोग शब्दकोड्यापलीकडे झाला नव्हता. वैष्णवीनं कागद धरला. आडव्यानं, उलट्या हातानं, त्यांनी लिहिलं: "बायको म्हणते, मागच्या मुळाला दोन कडा आहेत. मागे कोणीतरी उभं आहे." मग त्याखाली लिहिलं: "समोरून बघू नका. बाजूला सरकून बघा." शमिकानं ते वाचलं. मागच्या मंगळवारचा फोटो पुन्हा पडद्यावर आणला, ताणून मोठा केला. एक पाऊल मागं गेली. "काकू डेंटिस्ट आहेत?" "नाही," महिपतरावांनी लिहिलं. "मासे साफ करतात."

ह्या वेळी फोटोची पेटी गालाच्या पुढून न ठेवता मागच्या अंगानं, तिरकी ठेवली. पडद्यावर दाढ पुन्हा उजळली, आणि महिपतरावांनी मान वळवून पाहिलं. मागचं मूळ किंचित उघडल्यासारखं झालं होतं. आतापर्यंत एकावर एक बसलेल्या दोन कडा एकमेकींपासून सरकल्या होत्या, आणि मधून, जिभेच्या बाजूला, एक बारीक तिसरं मूळ बाहेर डोकावत होतं. बारीक, वाकडं, थोरल्या भावाच्या पाठीमागं उभं. आणि आणखी एक गोष्ट. खालचा जोडरेघांचा रस्ता मुळांपासून सुटून थोडा खाली गेला होता. तो टेकलेला नव्हताच. समोरून पाहिल्यामुळं टेकल्यासारखा दिसत होता. "अगं बाई," शमिका म्हणाली. त्यानंतर फवारा, सुरसुर, सुरसुर, आणि मग तिचा एक हुंकार, जो ह्या वेळी वर चढला. "मिळाली. वैष्णवी, आठ नंबरची दे. गेली... गेली खाली. वळण आहे हां टोकाला, सावकाश." महिपतरावांना काही जाणवत नव्हतं, तरी त्यांना वाटलं की आपण घळीत उतरतोय, फणसाच्या मुळांना धरून, एकेक पाऊल, आणि खाली गार आहे, आणि मुळांमागं कुठंतरी पाणी वाजतंय.

निघताना, तोंडात कापूस असल्यामुळं, त्यांनी तोच कागद पुन्हा मागून घेतला. वैष्णवीसाठी लिहिलं: "धाकूंना सांग, वडेवाला रविवारी येतो म्हणाला. जेवायला नाही. घळीत उतरायला." वैष्णवीनं वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. मग तोंडावर हात ठेवून ती आतल्या खोलीत पळाली आणि तिथून हसण्याचा जो आवाज आला, तो ऐकत महिपतराव जिना उतरले. हसणं त्यांच्यावर होतं. बऱ्याच वर्षांनी त्यांना कोणीतरी योग्य पत्त्यावर हसत होतं.

रिक्षातून उतरून ते फाटकापाशी आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कडी हातात घेतली. वास आला; मांदेली तळून झाली होती. त्यांनी कापूस काढून खिशात ठेवला, ओठ जुळवले, म्हणजे जुळले असावेत असं धरून चालले, आणि फुंकर घातली. फू. नुसता वारा, तोही उजवीकडून गळणारा. पुन्हा घातली. शेजारच्या पेरूवरचा कावळा उडाला, बाकी काही घडलं नाही. हे तीन तासांपुरतं आहे, डॉक्टर म्हणाली होती, ओठ सहीसलामत आहे. पण भांडणाला तीन तास ठेवलं तर ते मुरतं, हे छत्तीस वर्षांत त्यांना कळलेलं होतं. ते आत गेले. ओटी ओलांडली, माजघर ओलांडलं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, जिथं ते एरवी फक्त मीठ मागायला यायचे, तिथं येऊन उभे राहिले. सगुणा पाठमोरी होती.

"चुकलं," ते म्हणाले. शब्द ओठाच्या अर्ध्याच भागातून आला, थोड्या लाळेसकट.

सगुणाचा झारा थांबला. "काय म्हणालात?"

"चुकलं माझं. तीन होती. तुझं बरोबर होतं. दाढ राहिली." त्यांनी हनुवटी पुसली. "ओठ पण."

ती वळली. त्यांच्या वाकड्या तोंडाकडे, शर्टावरच्या ओघळाकडे, तिनं बराच वेळ पाहिलं, सकाळी फोटो पाहिला होता तसं, ताणून. "ऐकू नाही आलं नीट," ती म्हणाली. तिला सगळं ऐकू आलं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना कळलं की शब्द काही इतका जड नाही. इतकी वर्षं त्याला उचलून पाहिलंच नव्हतं. सगुणानं तेल उतरवलं, दुसऱ्या शेगडीवर आधण ठेवलं आणि म्हणाली, "बसा. गरम देत नाही, भाजलं तरी कळायचं नाही तुम्हाला."

चार वाजता ओठाला मुंग्या आल्या. आधी हनुवटी परत आली, मग ओठाची कड, मग सगळा ओठ, झिणझिण्या घेऊन, दूरच्या गावाहून आलेल्या पाहुण्यासारखा दमलेला. महिपतराव ओटीवर झोपाळ्यात बसले होते. त्यांनी बोटानं चाचपलं, चिमटा काढला, दुखलं, बरं वाटलं. मग अंगणाकडे तोंड करून सावकाश ओठ जुळवले. एक सूर वर गेला. दुसरा अलगद खाली आला. तारेवरचा दयाळ मान वाकडी करून बघायला लागला. आतून काही आवाज येईना. आधण नाही, भांडं नाही. त्यांनी पुन्हा शीळ घातली.

"आलं हो ऐकायला," आतून सगुणा म्हणाली. "पण आता तीन वेळा बोलून झालंय ना? आता काही शिळेवर भागायचं नाही."

महिपतराव पूर्ण ओठानं हसले. "बरं," ते म्हणाले. मग झोपाळा पायानं थांबवून त्यांनी आत हाक मारली, "सगुणा, रविवारी मालगुंडला जायचं का?"

आतलं भांडं वाजलं.